मीनाच्या घड्याळात चार वाजलेत

सुमती गेल्याची बातमी मला कोरियातून आली. आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिनं खलबत्त्यात दाणे कुटले तर माझ्या मांडणीवरची भांडी हलायची, इतकं जवळ. पण त्या दुपारी मी जेवून लवंडले होते, टीव्हीवरची सासू नेमानं बेशुद्ध पडत होती आणि फोन वाजला. पलीकडं सुमतीचा अभिनंदन, समुद्रकाठी जहाजं बांधतात त्या तिकडच्या गावातून. "मावशी, जरा आईकडं जाऊन या की. आई फोनवर दिसतीया, पण बोलंना." मी म्हटलं, "रुसली असंल. थांब, जाऊन हसवते तिला." केवढा तो शहाणपणा! उलटसुलट स्लीपर घालून गेले. दार नुसतं लोटलेलं. स्वयंपाकघरात सुमती पाटावर बसलेली, पाठ भिंतीला टेकलेली, मान जराशी कललेली. पुढ्यात ताट. शाळूच्या भाकरीचा एक तुकडा मोडलेला, दुधीच्या भाजीत अर्धा बुडालेला. पिठाच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन आणि फोनमध्ये तिची सात वर्षांची नात मीना, दोन्ही हातांत पुठ्ठ्याचं घड्याळ धरून. त्या घड्याळात चार वाजले होते. मीनाच्या मागं खिडकी होती आणि खिडकीत काळामिट्ट अंधार. मी सुमतीच्या नाकापाशी बोटं धरली... आणि मग आधी काय केलं असेल, तर तो फोन पालथा घातला. पोरीला दिसू नये म्हणून. पालथ्या फोनातून ती विचारत राहिली, "हाल्मॉनी? हाल्मॉनी?" हाल्मॉनी म्हणजे आज्जी. आम्हा दोघींना तिकडच्या भाषेतले जे मूठभर शब्द येत होते, त्यातला हा पहिला.

चारला कुठं एवढा अंधार पडतो, असं वाचणाऱ्याच्या मनात आलं असेल. ते सांगायचं तर मला बरंच मागं जायला हवं. सुमतीची आणि माझी ओळखसुद्धा घड्याळावरूनच झालेली. मी पाटणची. लग्न होऊन कुपवाडला आले, यजमान इथल्या एका कारखान्यात लेथवर होते. लग्नासाठी वडलांनी हौसेनं मनगटी घड्याळ दिलेलं. ते मी लग्नाला आठवडा उरला असताना हातात घालून कोयनेवर धुणं धुवायला गेले, मैत्रिणींना दाखवायला! पाणी गेलं आणि ते सव्वादहाला जे थांबलं ते थांबलंच. वडलांना सांगायची छाती नव्हती आणि घड्याळ काढून ठेवण्याइतकी अक्कल नव्हती. तेच बंद घड्याळ मिरवत मी सासरी आले. नळाच्या रांगेत बायका विचारायच्या, किती वाजले हो, आणि ही नवी नवरी मनगट डोळ्यांपुढं धरून, कपाळाला आठ्या घालून, ठोकून द्यायची काहीतरी. त्या पोरीला आज कुणी माझ्यापुढं उभी केली तर मी तिच्या कानाखाली जाळ काढीन. तर एके दिवशी मागून एक बारीक आवाज आला, "आवं, तुमचं घड्याळ परवापासनं सव्वादहाच दावतंय. आमच्यात माणूस मेलं तरी एवढं थांबवून ठेवत न्हाईत." मागं वळून बघितलं तर हंड्यावर हात ठेवून सुमती उभी. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही. आणि पुन्हा तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. उलट त्या दिवसापासून मला कुणी वेळ विचारली की ती मागून हळूच कुजबुजायची आणि मी ऐटीत तेच मोठ्यानं म्हणायची. तिच्याकडं घड्याळ नव्हतं. तिला वेळ सूर्यावरून कळायची. जैनांची लेक आणि जैनांची सून, सूर्य बुडायच्या आत जेवून तोंड धुवायचं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात लांब करून, समोरच्या पत्र्याच्या वर अजून चार बोटं सूर्य आहे, म्हणजे भाकरी थापायला वेळ आहे, असा तिचा हिशोब. त्या चार बोटांनी मला संसारभर वेळ सांगितली.

तिचे मालक लवकर गेले. शिवण शिवून तिनं अभिनंदनला वाढवलं, तो इथंच वेल्डिंग शिकला, हात चांगला बसला आणि एका मोठ्या कंत्राटात त्याची निवड होऊन तो कोरियाला गेला. तिथंच लग्न केलं. फोनवर त्यानं चाचरत सांगितलं तेव्हा मी सुमतीच्या शेजारीच होते. ती काय बोलते म्हणून माझा जीव मुठीत. ती म्हणाली, "पोरगी कुठली का असंना. वेळेवर जेवू घालती का तुला?"  मग तो म्हणाला, "आई, इथं रातपाळी असती." तेवढ्यात तिला कळलं काय कळायचं ते. रात्री जेवणं आलं, म्हणजे आणखीही काय काय आलं असेल. तिनं कधी विचारलं नाही. त्यानं कधी सांगितलं नाही. माय-लेकरांमध्ये ती एक गोष्ट झाकून ठेवलेल्या पातेल्यासारखी राहिली, आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक.

मग मीना झाली. दोन्ही देशांत चालेल असं नाव शोधलं होतं लेकानं, त्याचं सुमतीला फार कौतुक. पण नावापलीकडं दोघींत एक अक्षर समान नाही. संध्याकाळी रातपाळीला निघायच्या आधी तो फोन लावून पोरीला समोर बसवायचा. आपल्या इकडं तेव्हा दुपार असायची, तिकडचं घड्याळ साडेतीन तास पुढं. दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या. मग हसू संपायचं. मग सुमती फुलपात्र दाखवायची, मीना बाहुली दाखवायची, आणि मग दोघी गप्प... बघवत नसे. एकदा मीनानं शाळेत केलेलं पुठ्ठ्याचं घड्याळ पुढं धरलं, पिवळं, वर अस्वलाचे कान, काटे बोटानं फिरणारे, आणि काहीतरी विचारलं. सुमतीनं मला हाक मारली, मी माझ्या नातीला. आमची सई कॉलेजात जाते म्हणायचं, पण बी.कॉम.पेक्षा कोरियन मालिकांचा अभ्यास दांडगा. ती म्हणाली, "सुमतीआज्जी, ती विचारतीय, किती वाजले?" सुमती म्हणाली, "बस्स. मला हेच शिकीव. भाषा-बिषा काय नको. हे एवढंच."

अशी आमची शिकवणी लागली. मास्तरीण सई, फी म्हणून वाटीभर चिवडा, विद्यार्थिनी दोघी, दोघींचे मिळून धड गुडघे शून्य. पहिल्याच दिवशी माझ्यामुळं वर्ग बुडाला. तिकडं वाजले म्हणायला 'शी' म्हणतात. एक वाजला, हान शी. दोन, दू शी. तीन, से शी. मी पदर तोंडात कोंबून हसतेय, सई चिडलीय, "आज्जी, तू बाहेर बस!", आणि सुमती मात्र गंभीरपणे, माळ ओढल्यासारखी, "ने शी, तासॉत शी, यॉसॉत शी..." पुढं गोम अशी की त्या लोकांची गिनती दोन. तास एका आकड्यांनी मोजायचे आणि मिनिटं दुसऱ्याच आकड्यांनी. तासाला हान-दू-से आणि मिनिटाला इल-ई-साम. मी तर तिथंच हात टेकले. म्हटलं, एकाच घड्याळाला दोन भाषा, हे काय घड्याळ आहे का जावाजावांचं घर? सुमतीला मात्र त्यात नवल वाटलंच नाही. तिचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीवर. "आमच्यात तेच की गं," ती म्हणाली. "घरात भाकऱ्या मोजायच्या कानडीत. वंदू, येरडू, मूरू. आन् बाजारात वांगी मोजायची मराठीत. तास घरचं, मिनिटं बाजारची. सोपं हाय." महिनाभरात ती सईपेक्षा चलाख झाली आणि मी दू शी आणि से शीमध्येच गटांगळ्या खात राहिले. तिला एकच गोष्ट खटकायची. त्यांच्याकडं सव्वा नाही, पावणे नाही. अर्ध्याला तेवढं 'बान' म्हणतात. "पावणे-सव्वाबिगर माणसं जगत्यात तरी कशी," म्हणून ती खरोखर हळहळायची.

मग रोज दुपारी खेळ चालायचा. मीना काटे फिरवून किती वाजले ते विचारायची, "म्यॉत शी येयो?" सुमती सांगायची. चुकली तर पोरगी मान हलवून खदखदा हसायची, बरोबर आली तर टाळ्या. मग सुमती आपलं भिंतीवरचं घड्याळ काढून मांडीवर घ्यायची आणि पोरीला विचारायची. त्या घड्याळाचे काटे तिनं साडेतीन तास पुढं करून ठेवले होते. कायमचे. कुणी म्हणालं, सुमतीबाई, घड्याळ बिघडलंय, तर म्हणायची, "न्हाई, ते अभिनंदनचं हाय." तिच्या घड्याळापायी पाहुणे भलत्याच वेळेला स्टँडवर जाऊन बसले. आजी-नातीचं एवढं जमलेलं पाहून मी खुळी खूश. मला वाटलं, नातीच्या मायेपायी म्हातारी घड्याळ शिकली. तेवढंच नव्हतं ते.

गेल्या चातुर्मासात एका दुपारी मी मुद्दाम तिच्या खिडकीकडं तोंड करून भजी तळत होते. हा माझा जुना चावटपणा, वास सोडायचा आणि तिला बोलवायचं. ऊन चांगलं कौलांवर होतं. तिनं खिडकीतून हात हलवला, नको. म्हटलं, "का गं? सूर्य ढळढळीत हाय की." ती म्हणाली, "इथला हाय. तिथला बुडला." आणि मग पदराशी चाळा करत हळूहळू सांगितलं. अभिनंदनच्यानं नियम पाळवत नाही. त्याचा दोष नाही, रातपाळीच तसली. म्हणून तिनं त्याचा नियम स्वतःवर घेतला होता. त्याच्या गावात सूर्य मावळला की हिचं तोंड बंद. पाणीसुद्धा नाही. मी कढईतला झारा तसाच धरून उभी. म्हटलं, "मग सकाळचा सूर्यबी तिकडलाच धर. पहाटं चारला उठून पोहे खा." तर म्हणते, "उगवायचा इथला. मावळायचा तिथला." "म्हणजे दोन्हीकडनं उपास तुलाच!" "मग? नियम हाय त्यो, सवलत न्हवं."

मी काय कमी बोलले? मी म्हटलं, आमच्या पाटणला सूर्य दुपारीच डोंगराआड जातो, म्हणून आम्ही काय उपाशी झोपतो? ती म्हणाली, "म्हणूनच तुमच्या खोऱ्यात आमचा माणूस फारसा टिकला न्हाई." मी म्हटलं, निदान सईला फोनमध्ये सूर्यास्ताची वेळ काढून द्यायला सांग, उगाच अंदाजानं आधीच ताट सारू नकोस. ती म्हणाली, "यंत्राचं काय खरं? नातीच्या तोंडून ऐकायचं मला. तिच्या खिडकीत काळं झालं की मी विचारते, किती वाजले. ती सांगती. दुसऱ्या दिवशी तेवढ्या वाजायच्या आत मी जेवून घेते. ती माझी साक्ष." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, ही बया कोरियाचं घड्याळ कशासाठी शिकली ते. तिला साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलेलं, थोडं थोडं खा, पोट रिकामं ठेवू नका, गोळी घेतल्यावर तर नाहीच नाही. पावसाळ्यात तिकडं दिवस मोठा होता तोवर निभावलं. दिवाळी झाली आणि तिकडचा सूर्य अंगावर यायला लागला. आपल्याकडं शाळांची मधली सुट्टी होते त्या सुमाराला सुमतीचा दिवस संपायचा, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. तिच्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. चोळीची बाही मी दोनदा आत घेऊन दिली, आणि शिवणकामात मी कसली आहे ते ती जाणून होती, तरी तिनं ती मला करू दिली. तेव्हाच मी घाबरले.

देवळात त्या वेळी एक साध्वी माताजी मुक्कामाला होत्या. मी जैन नाही, पण हिला धरून नेलं आणि मीच तोंड उघडलं. माताजींनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "नियम आपल्या डोक्यावरच्या सूर्याचा असतो, बाई. दुसऱ्याचं कर्म आपल्याला खाता येत नाही आणि आपलं उपाशी राहणं दुसऱ्याला देता येत नाही." सुमतीनं हात जोडले, डोकं टेकवलं. मला वाटलं, सुटलो. बाहेर येऊन चपला घालता घालता म्हणाली, "बरोबर बोलल्या माताजी. पर त्यांना लेक न्हाई." एवढंच. आणि त्याही दिवशी तिनं भरल्या दुपारी ताट सारलं.

मार्गशीर्षात ती मोरीत पडली. शुद्धीवर आल्या आल्या मला म्हणाली, "अभ्याला सांगू नगंस." मी तोंडावर हो म्हटलं आणि घरी येऊन त्याला फोन लावला. खोटं बोलण्यात माझा हात बंद घड्याळापासून साफ आहे. सगळं सांगितलं. नियम, घड्याळ, खिडकी, बांगड्या. तो ऐकत होता. मागं कारखान्याचा खणखणाट. मग म्हणाला, "मावशी, मी काय करू? मी सोडलंय म्हणून तिला सांगू? का पाळतोय म्हणून सांगू?" मी म्हटलं, "तुझं आता ती ऐकायची न्हाई रं. ती ऐकती एकाच माणसाचं. आन् ते माणूस पहिलीत हाय."

दोन दिवसांनी मी सुमतीकडं दुपारी बसले होते. तिचं ताट केव्हाच घासून पालथं घातलेलं. फोन आला. मीना अस्वलाच्या कानांचं घड्याळ घेऊन बसलेली, मागं खिडकीत अंधार, खालच्या दुकानाचा लाल दिवा उघडझाप करतोय. सुमतीनं नेमाप्रमाणं विचारलं, "म्यॉत शी येयो?" पोरगी वडलांकडं बघत नव्हती, तो कडेला कुठंतरी असणार. तिनं काटे फिरवले, चारावर आणले, आणि छाती भरून म्हणाली, "ने शी येयो." चार वाजलेत.  सुमतीनं खिडकीकडं बघितलं. मग पोरीकडं. मग भिंतीवरच्या आपल्या घड्याळाकडं मान वळवायला निघाली आणि अर्ध्यावरच थांबली. उठली, ताट सुलटं केलं, शिंक्यातली भाकरी घेतली आणि फोनसमोर बसून जेवली. पोरगी एकेक घास बघत होती. फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, "खिडकी बघितलीस?" ती म्हणाली, "काळीकुट्ट." "मग?" भाकरीचे पडलेले कण बोटानं टिपत ती म्हणाली, "मग काय. नात म्हणती चार वाजलेत. वाजलेत."

पुढचे काही आठवडे तिकडं रोज चार वाजत होते. अंधार असो, बर्फ असो, चारच. सुमतीच्या गालांवर जरा मांस आलं. ती चेष्टासुद्धा करायला लागली, "लय गुणाचं गाव हाय गं, चाराच्या पुढं जातच न्हाई." पण त्यातही तिनं एक मेख मारलेली होतीच. फोन आला तरच. पोरीनं तोंडानं सांगितलं तरच. ज्या दिवशी फोन नाही, त्या दिवशी तिकडचा सूर्य आपल्या वेळेला बुडायचा आणि ही उपाशी. पौषात मीनाला ताप आला, तिला दवाखान्यात ठेवलं, अभिनंदन धावपळीत. फोन येईना. मी ताट घेऊन गेले, गयावया केली, शिव्या घातल्या. "अगं, मी सांगते ना, चार वाजलेत!" ती हसली. "तुझं घड्याळ सव्वादहाला थांबलंय, पाटणकरणी. तुझं कोण ऐकणार?"

आणि मग फोन आला. पोरगी बरी होऊन घरी आली होती, आल्या आल्या घड्याळ घेऊन बसली होती. ते मी भिंतीपलीकडून ऐकलं, सुमतीचा आनंदाचा आवाज, भांड्याची खडखड. म्हटलं, चला, जेवेल आज. म्हणूनच तर मी निवांत लवंडले... डॉक्टर म्हणाले, हृदय. साखरही पार उतरलेली होती, म्हणाले. दोन्ही खरंच असेल. माझ्यापुरतं मला एवढंच माहीत आहे की तुकडा मोडलेला होता.

तिच्या लोकांनी पटापट केलं. त्यांच्यात थांबवत नाहीत, सूर्य आहे तोवर उरकायचं. कुणीतरी हळूच म्हणालं, मुलासाठी थांबायचं का? थोरल्या दिरांनी आकाशाकडं बघून मान हलवली. कुठला सूर्य, असं मात्र कुणी विचारलं नाही. माझ्या ओठावर आलं होतं. सईनं फोन धरला होता, लेकानं तिकडच्या काळोखात बसून आईला इकडच्या उन्हात जळताना बघितलं.

तो पोचला रक्षाविसर्जनाला. रानातल्या उसाच्या पाटात थोडी, कृष्णेत थोडी सोडून आला आणि संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसला. मी ताट वाढून आणलं. आपल्याकडं दिवस अजून होता. भिंतीवरच्या घड्याळात रात्र झालेली. त्यानं घड्याळाकडं बघितलं, ताटाकडं बघितलं आणि हात मागं घेतला. म्हणाला, "मावशी, आम्ही तिला फसवून खायला घातलं. मरताना पण खोट्यावरच." मी म्हटलं, "तिला ठाऊक होतं रं. पहिल्या दिवसापासनं. तुमची खिडकी दिसायची."  त्यानं लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे आईनं नियम मोडला?" "मोडला न्हाई. तुझ्या लेकीच्या घड्याळावर पाळला." तो रडला नाही. सगळं ताट संपवलं, मीठसुद्धा. पण घड्याळाचे काटे मागं करू का, असं मी विचारलं तेव्हा मात्र म्हणाला, "नको मावशी. हात लावू नका." आणि किल्ली माझ्याकडं देऊन गेला.

आता तो तिकडं पोचून काही आठवडे झाले. गेल्या आठवड्यात एका दुपारी त्याचा फोन आला. "मावशी, मीनाला सगळं सांगितलंय. कळलंय तिला. तरी रोज संध्याकाळी घड्याळ घेऊन बसतीया. ऐकंना. तुमी जरा..."  मी किल्ली घेतली. ताटात भाकरी, वांग्याची भाजी घेतली, आणि सुमतीच्या पाटावर बसले. गुडघ्यांनी बोंब ठोकली. फोन पिठाच्या डब्याला टेकवला. डब्यात अजून तिनं दळून आणलेलं पीठ आहे, ते मला टाकवत नाही. पडद्यावर मीना. किती वाळलीय पोरगी. मागची खिडकी आता तेवढी काळी नव्हती, निळसर होती. तिकडंही दिवस वाढू लागलाय. तिनं माझ्याकडं निरखून बघितलं, माझ्यामागं बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.  मला तिला किती सांगायचं होतं! पण माझ्याकडं तिच्या भाषेतले शब्द कोणते? बारा तास आणि एक अर्धा. गेली म्हणायला त्यात काही नाही, आणि तू काही चुकीचं केलं नाहीस बाळा, असं म्हणायला तर नाहीच नाही.

तिनं अस्वलाच्या कानांचं घड्याळ उचललं. काटे फिरवायची गरज नव्हती, ते तिथंच होते. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरून थांबली. शिकवणीत कायम नापास झालेली मी, दू शी की से शी, असा गोंधळ घालणारी... पण हे एक मला चुकणार नव्हतं. मी म्हटलं, "ने शी येयो." आणि भाकरीचा तुकडा मोडून भाजीत बुडवला आणि तोंडात घातला.  पोरगी पापणी न लववता बघत होती. मी गिळला, तोंड उघडून दाखवलं, तेव्हा तिनं घड्याळ खाली ठेवलं.

तेव्हापासून मी दुपारची दोनदा जेवते. आधी माझ्या घरी माझ्या वेळेला, आणि मग भिंतीपलीकडं, मीनाच्या घड्याळात चार वाजता. सुमतीच्या घड्याळाचा सेल मी कालच बदलला. तिचं घड्याळ तरी चालत राहावं. पाटावर बसताना रोज कानात तोच बारीक आवाज येतो, हंड्यावर हात ठेवून उभी असल्यासारखा, "काय गं पाटणकरणी, तुला खायला निमित्तच पायजे हुतं."